शेंडीवाली पृथ्वी आणि सावळाराम मास्तर

सावळाराम मास्तरांची भाटघरच्या शाळेवर बदली झाली, आणि महिन्याच्या आत गावाने त्यांना बायकोचं लुगडं नेसून म्हशीखाली बसलेलं पाहिलं.

मुद्दाम इथूनच सुरुवात करतो. पुढचं ऐकून तुम्ही मास्तरांना थोर वगैरे समजाल आणि मग लुगड्याची गोष्ट सांगायची राहून जाईल. झालं होतं असं, की मास्तरांनी शिवऱ्याच्या एका बाईकडून म्हैस आणली. म्हशीला बाईमाणसाचीच सवय. त्यात मास्तरीणबाईंचं, म्हणजे धोंडाबाईंचं, मनगट मुरगळलेलं. मास्तर खाली बसले की म्हैस पान्हा चोरायची. दुसऱ्या कुणी शेजारणीला हाक मारली असती. मास्तरांनी सरळ बायकोचं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला आणि तांब्या घेऊन बसले. म्हशीने मान वळवून वास घेतला आणि पान्हा सोडला. कुंपणापलीकडे अर्धं गाव पोट धरून हसत होतं.

"हसा की!" मास्तर पदर सावरत ओरडले. "दूध मी पिणार आहे, तुम्ही नाही!"

धोंडाबाईंचं मनगट बरं होईपर्यंत हा कार्यक्रम दोन्ही वेळ चालला. माणूस किती हट्टी होता, याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

धरण पुरं होऊन तेव्हा पाच-सात वर्षं झाली असतील. पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात धनगरांची वस्ती. तिथल्या रायबाचा धाकटा मुलगा हैबती. लहानपणी देवी आल्या, त्यात जीव वाचला पण डोळे गेले. चित्री नावाच्या शेळीचं शिंग धरून तो डोंगर उतरायचा, गावात दूध घालायचा आणि शिंग धरूनच परत चढायचा. शेळीने कुणाच्या परसात तोंड घातलं की शिव्या हैबतीला पडायच्या. त्या तो जशाच्या तशा शेळीला ऐकवायचा.

पोरगं आंधळं म्हटल्यावर गावाने त्याला न विचारताच ठरवून टाकलं होतं, की याला गोड गळा असणार. जत्रेत कुणीतरी त्याच्या हातात चिपळ्याही ठेवल्या होत्या. आता खरं सांगायचं तर हैबतीसारखा बेसूर गळा त्या खोऱ्यात दुसरा नव्हता. तो गायला लागला की वस्तीवरची कुत्री उठून लांब जाऊन बसत. पण बोलायचं कुणी? आंधळ्याच्या गाण्याला नाव ठेवलं तर पाप लागेल, म्हणून लोक माना डोलवत आणि वाट धरत.

त्याचा बेसूरपणा चालणार होता तो एकट्या गेनबाला. हा गेनबा एकतारीवर भजनं म्हणत बाजारोबाजार फिरायचा. माणूस वाईट नव्हता, आणि आवाज असा की भांडणारी माणसंही हातातला दगड तसाच धरून ऐकत उभी राहायची. पण वय उतरणीला लागलं होतं. तो रायबाला म्हणाला, "पोरगं मला दे, रायबा. आंधळं लेकरू म्होरं बसलं की मानूस थांबतंच. गाईन म्या, बसंल त्यो. दोन घास मिळतील, आन् तुज्या माघारी त्येचा घोर न्हाई."

रायबाला हे पटलं. आपल्यामागे या पोराचं काय, हा प्रश्न त्याच्या उरावर कायमचाच बसलेला होता. तुळशीचं लग्न उरकलं की हैबतीने गेनबाबरोबर जायचं, असं ठरून गेलं.

आणि मग श्रावणात चित्री शेळी शाळेत घुसली.

मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे होते. पोरांनी शेळी पाहिली, पण बोलायला वेडी थोडीच होती ती? मास्तर वळले तेव्हा भिंतीवरच्या नकाशाचा खालचा कोपरा शेळीच्या तोंडात होता, आणि शिंगाला धरून हैबती उभा होता.

"मास्तर, काय खाल्लं हिनं?" त्याने घाबरून विचारलं.

"मुंबई इलाखा!" मास्तर किंचाळले. "धारवाड, बेळगाव, कारवार, सगळं गिळलं या रांडेनं!"

हैबतीने शेळीचा जबडा चाचपला. मग म्हणाला, "इलाखा एवढुसा असतो व्हय? शेळीच्या तोंडात मावंल एवढा?"

वर्ग खदखदून हसला. मास्तर मात्र उचललेली छडी तशीच धरून उभे राहिले. मग छडी ठेवली, अंगणात गेले, चिखलाचा गारा केला आणि हैबतीला समोर बसवून त्याचा हात धरून डोंगर, खिंडी, नदी असं सगळं मांडलं. वरून तांब्याने पाणी सोडलं.

"कुणीकडं गेलं पाणी?"

"हितनं खाली उतरलं... ही आमची नदी?"

"तीच."

"मग हितं आडवं काय पडलंय?"

"ते धरण. तू त्याच्याच वर राहतोस."

हैबतीने आपली वस्ती बोटाने शोधून काढली. मग त्याने विचारायला सुरुवात केली. पाणी वरच का जात नाही, धरणाची भिंत खाली जाड का, ढग हाताला लागतो का, डोंगराच्या आत काय असतं. मास्तरांना जेवायचीसुद्धा शुद्ध राहिली नाही. शेवटी धोंडाबाईंनी शाळेच्या दारात येऊन विचारलं, "आवं, जेवनार हाय का शेळीला घालू भाकरी?"

निघताना हैबती म्हणाला, "मला गायाचं न्हाई, मास्तर. मला इचारायचं हाय."

झालं. म्हशीसाठी लुगडं नेसणारा माणूस हे ऐकून गप्प बसेल? त्याच संध्याकाळी मास्तर धापा टाकत वस्तीवर पोचले.

रायबाने घोंगडी अंथरली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. "बसू द्या की शाळंत," तो म्हणाला. "पर तुळशीचं लगीन झालं की गेनबा न्हेनार त्येला. म्या सबूद दिलाय."

"आणि मला तो ठेवून घ्यायचा असेल तर?"

"शिकून त्यो काय करंल, मास्तर? म्या मेल्यावर कोन बघंल त्येला?"

मास्तरांना सोपं उत्तर देता आलं असतं. पण खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर यायचं. "ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण बाजारात नुसतं बसवून ठेवायचं पोर नाही ते."

रायबाने मान खाजवली. "मंग आईला इचारा. ती म्हनली ऱ्हाऊ दे, तर म्या गेनबाचं पाय धरीन."

ही आई म्हणजे रायबाची आई, ठकुबाई. वस्तीवर तिच्या शब्दाशिवाय कोकरूही विकलं जात नसे. अडचण एवढीच, की तरुणपणी कान वाहून वाहून म्हातारी ठार बहिरी झालेली. मास्तरांनी तिच्यापुढे बसून ओरडून सगळं सांगितलं. घसा फुटेस्तोवर सांगितलं. खाली भाटघरात लोकांनी चुली सोडून अंगणात येऊन ते ऐकलं. पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्यांना कळलं, की मास्तरांना हैबती हवाय. कळलं नाही ते फक्त ठकुबाईला. ती मास्तरांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली आणि शेवटी सुनेला म्हणाली, "मानूस चांगला दिसतोय, पर लई आ करतोय. दाड दुकती काय बग."

म्हातारीशी बोलता यायचं ते एकट्या हैबतीला. त्याला दिसत नव्हतं, तिला ऐकू येत नव्हतं. दोघांचा सगळा व्यवहार हातांनी चाले. तो तिच्या तळव्यावर बोटं फिरवी, वस्तू हातात देई, दंड दाबी. रोजचं सगळं त्यात बसे, पण शाळा आणि गेनबाला दिलेला शब्द त्या खुणांत बसण्यातला नव्हता. मास्तरांनी ते पाहिलं आणि ठरवलं: म्हातारीपर्यंत जायची वाट याच पोराच्या हातातून जाते. तेव्हा आधी याला शिकवू.

आणि इथे मास्तरांनी माती खाल्ली.

सृष्टिशास्त्राचा पहिला पाठ, पृथ्वी गोल आहे. डोळस पोरांना ते फळ्यावर वर्तुळ काढून दाखवत. हैबतीसाठी त्यांनी घरातला नारळ आणला, हातात दिला, म्हणाले, "ही पृथ्वी. घरी ने, नीट चाचपून ये."

हैबतीने नीट चाचपली. रात्रभर उशाशी घेऊन झोपला. सकाळी आजीच्या हातात दिली, तिचा दुसरा हात जमिनीवर थोपटला, पुन्हा नारळावर ठेवला. म्हातारी हुशार. तिला बरोबर कळलं: ही भुई, आणि ही अशी आहे. तिने चाचपून पाहिलं. भुईला शेंडी आहे. शेंडीखाली तीन डोळे आहेत, त्यातला एक मऊ आहे. आणि हलवली की आत पाणी बोलतं, ते तिच्या हाताला समजलं. तिने नारळ कपाळाला लावला आणि सगळ्या वस्तीला सांगितलं, "म्या म्हनत हुते न्हवं, धरतीमाय समदं बघती म्हनून?"

पुढे दसरा आला. दसऱ्याला वस्तीची माणसं बिरोबाच्या देवळात नारळ फोडतात, आणि प्रत्येक नारळाची एक भकल, म्हणजे अर्धी वाटी, गुरवाची. त्या वर्षी माणसं आली, नारळ देवापुढे ठेवले, हात जोडले आणि आख्खेच्या आख्खे उचलून घरी निघाली.

"आरं, फोडा की!" गुरव म्हणाला.

"धरतीमाय कशी फोडायची, गुरवबाबा? येडं का खुळं तुमी?" एकाने विचारलं. "मास्तरांनी पोराला शिकिवलंय. शास्त्रात हाय त्ये."

गुरव रिकामी टोपली घेऊन तडक मास्तरांच्या दारात. "काय वो मास्तर, शाळंत देवाच्या पोटावर पाय द्यायाचं शिकिवता व्हय? देवाचं जाऊ द्या, माज्या!"

गावाला ही गोष्ट वर्षभर पुरली. मास्तर दिसले की पोरंटोरं शेंडीला हात लावून विचारायची, "मास्तर, भूकंप झाला की धरतीमायची शेंडी हलती का?" धोंडाबाई आमटीत खोबरं घालताना मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायच्या, "चुकलं गं माय, तुला किसतीया मी."

मास्तर पोराला एक शब्द बोलले नाहीत. घरात जाऊन तसाच दुसरा नारळ घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ हातात फिरवत बसले. मग बायकोला म्हणाले, "त्याचं काही चुकलं नाही. मी त्याला पृथ्वी सांगितली, पण हातात नारळ दिला. हाताला नारळच कळणार. मी डोळ्यांनी ठरवतोय त्याला काय दाखवायचं. तेच चुकतंय."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी शाळेची वेळ सोडून उपरण्याने डोळे बांधून हिंडायला सुरुवात केली.

आता गावाला काय, चर्चेला विषय पाहिजेच. कुणी म्हणालं डोळे आलेत. कुणी म्हणालं बिरोबाने शिक्षा केली, नारळाबद्दल. चंद्राबाई म्हणून एक बाई होती, तिने नदीवर पैजेने सांगितलं, की मास्तरांचं बायकोशी भांडण झालंय आणि तिचं तोंड बघायचं नाही म्हणून त्यांनी डोळे बांधलेत. हे तिने सांगितलं, आणि तेवढ्यात मास्तर काठी टेकत आले आणि तिच्या धुतलेल्या धुण्यावर चिखलाच्या पायांनी उभे राहिले.

"चंद्राबाई का?" मास्तर म्हणाले. "आवाज लांबून ओळखला. पायाखाली काय आहे हो, ओलं ओलं, मऊ?"

"माजं लुगडं हाय, मास्तर!"

"असं होय! सुती ओलं असलं की असं लागतं तर." आणि वाकून त्यांनी ते बोटांनी चाचपून पाहिलं. चंद्राबाईने त्यानंतर पैज लावायचं सोडलं.

धोंडाबाईंना कुणी छेडलं तर त्या म्हणत, "बांधू द्या की डोळं. तेवढंच माजं केस पिकलेलं दिसनार न्हाईत."

पण त्या डोळे बांधलेल्या दिवसांतून शाळेत जे आलं, ते तुम्हाला सांगतो. कुंभाराकडून त्यांनी मातीचा गुळगुळीत गोळा भाजून आणला, ना शेंडी, ना डोळे. तो हातात द्यायच्या आधी स्वतः डोळे मिटून फिरवला आणि कुंभाराच्या बोटाचा ठसा राहिला होता तो घासून काढला. मग हैबतीला सकाळच्या उन्हात उभं केलं. "जागचा हलू नकोस, फक्त हळूहळू फीर. ऊन कुठं लागतं ते सांग."

"गालाला... कानाला... आता मानंला... आता कुठंच न्हाई. न्हाई न्हाई, दुसऱ्या कानाला!"

"सूर्य हलला का?"

हैबती थांबला. पुन्हा एक गिरकी घेतली, उलटी. पुन्हा सुलटी. आणि मग तो असा हसला, की शाळेतली डोळस पोरं धावत बाहेर आली आणि तीही डोळे मिटून गरगर फिरायला लागली. दोघं-तिघं पडली. पण त्या दिवशी शाळेला रात्र कशी होते ते कळलं, आणि फळ्यावरच्या वर्तुळातून ते कुणालाच कळलं नव्हतं.

ओल्या हातावर वारा घेऊन पाणी कुठे जातं ते झालं. लोखंड आणि लाकूड एकाच सावलीतलं, तरी लोखंड गार का लागतं, ते झालं. सगळंच जमलं असं नाही. एक दिवस हैबतीने विचारलं, "तांबडं म्हंजे काय?" मास्तरांनी मिरची दिली, निखाऱ्याजवळ हात नेला, आणि मग आपणच थांबले. "हे तिखट आहे, हे कढत आहे. तांबडं नाही. तांबडं मला तुला देता येत नाही, हैबती. नारळ एकदा दिला, पुरे झाला."

"बरं," हैबती म्हणाला. "मंग दुसरं सांगा."

तुळशीच्या लग्नाला आठवडा उरला तेव्हा मास्तरांनी आवाज घेतला. लोखंडी पळीला दोरा बांधला, दोऱ्याचं टोक पोराच्या दातात दिलं, कान बोटांनी बंद करायला लावले आणि पळी खांबावर आपटू दिली.

हैबती दचकला. "घंटा! देवळातली घंटा वाजली!"

"कान तर बंद आहेत तुझे."

"मंग आली कुठनं?"

"दातांतून. हाडांतून. आवाज म्हणजे थरथर. तिला वाट मिळाली की ती आत जाते. कान ही एक वाट झाली, इतकंच."

हैबतीने पळी खाली ठेवली. "मास्तर, आजीची वाट बंद हाय. मंग ही वाट?"

मास्तरांनी लगेच हो म्हटलं नाही. "सांगता येत नाही. आतली नसच मेली असेल तर कुठूनही ऐकू येणार नाही. पण तिचे कान वाहायचे म्हणतात, म्हणजे बाहेरचं दार बिघडलं असेल आणि आत घर शाबूत असेल. करून बघ."

हैबतीने त्याच दिवशी करून पाहिलं. म्हणजे पाहायला गेला. आजीच्या तोंडाशी दोरा नेला, तर म्हातारीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मला काय बैल समजलास, दावं चावायला?" उरलेले मोजके दात तिने गच्च मिटून घेतले. पुढचे चार-पाच दिवस त्याने तिच्या मागे लागून पाहिलं. शेवटी तिने पळीच लपवून ठेवली.

तुळशीचं लग्न झालं आणि गेनबा आला. नवं धोतर, पाठीला एकतारी, हैबतीसाठी एक छोटी झोळी शिवून आणलेली. मास्तरही सकाळी सकाळीच वर जाऊन बसले होते. रायबाने दोघांना एकाच घोंगडीवर बसवलं. कुणीच कुणाकडे बघेना.

"रायबा," मास्तर म्हणाले, "पोर तयार नाही. त्याला विचार."

"आबा, मला न्हाई जायाचं," हैबती म्हणाला.

"आईनं काय सांगितलं न्हाई अजून, मास्तर," रायबा खाली बघत म्हणाला. "आन् म्या सबूद दिलाय."

गेनबा कनवाळूपणाने हसला. "भिऊ नगं, लेकरा. आदी आजीच्या पाया पड, मंग निगू."

आमच्याकडे भजनाला बसायच्या आधी, आणि भजनाच्या फेरीला निघायच्या आधीही, वाद्याला नमस्कार करतात. ते तुम्हाला ठाऊक असेल. गेनबाने रीतीप्रमाणे एकतारी म्हातारीपुढे आडवी धरली. ठकुबाईने दोन्ही हातांनी पदर सावरला, वाकली, आणि एकतारीच्या दांडीला कपाळ टेकवलं.

हैबती शेजारीच होता. आजीच्या पाठीवर हात ठेवून तो उभा होता. ती वाकलेली त्याला हाताला कळली. कपाळ दांडीला लागलंय हे कळलं. त्याने चाचपत दुसरा हात पुढे केला, तार शोधली, आणि छेडली.

म्हातारी तशीच राहिली.

गेनबा म्हणाला, "आजे, झाला नमस्कार." म्हातारी उठेना. हैबतीने पुन्हा तार छेडली. तिच्या पाठीचा कणा त्याच्या तळव्याखाली ताठ झाला. तिसऱ्यांदा छेडली तेव्हा ती मान न उचलता अगदी बारीक आवाजात म्हणाली, "कोन गुनगुनतंय?"

तोंडाने सांगून तिला ऐकू थोडंच येणार होतं!

हैबतीने तिचा हात घेतला. बोट तारेवर ठेवलं, तार थरथरली ती दाखवली. मग बोट दांडीवर, मग तिच्या कपाळावर, मग तिच्या दातांवर. म्हातारीला कळलं. तिने एकतारीची दांडी दातांत पकडली, कणसाचे दाणे काढताना पकडावं तशी, आणि हाताने खूण केली: वाजव.

"आजे! आगं आजे, माजी एकतारी!" गेनबा ओरडला. "रायबा, म्हातारी खाती रं माजी एकतारी!"

"खाऊ दे," रायबा म्हणाला. "तू वाजीव, गेनबा. तू वाजीव."

आणि गेनबा, मी म्हटलं ना माणूस वाईट नव्हता, खाली बसला. म्हातारीच्या दातांत दांडी, भोपळा त्याच्या मांडीवर, अशा अवघडलेल्या अवस्थेत त्याने वाजवलं. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून लाळ. दोन्ही पुसायची तिला शुद्ध नव्हती.

शेवटी तिने दांडी सोडली. लेकाकडे वळली. "झोळी कुनाची ती?"

रायबाने हैबतीकडे बोट केलं.

"भीक मागाया धाडतोस व्हय रं ह्येला?" बहिरी माणसं बोलतात तशी ती पुऱ्या आवाजात गरजली. "ज्येनं माज्या कानाला वाट काडली त्येला? त्यो हितंच ऱ्हाईल. आन् ज्येनं त्येला ही करामत शिकिवली, त्येच्याकडंच जाईल. आन् गेनबा, तुज्या एकतारीवर माजं दात उमटलं असतील तर बगू नगंस, त्वा लई ग्वाड वाजिवलंस."

मास्तरांनी गेनबाचे हात धरले. गेनबाने छोटी झोळी घडी करून काखेत मारली. "मास्तर," तो उठताना म्हणाला, "ह्येचा गळा लई वंगाळ हाय, म्हाईत हाय न्हवं?"

"पहिल्या दिवसापासून," मास्तर म्हणाले.

"मला वाटलं, मला एकट्यालाच ठावं हाय," गेनबा म्हणाला, आणि हसत डोंगर उतरून गेला.

शिक्षणखात्याने हैबतीचं नाव दाखल करायला नकार दिला. आंधळ्याला वस्तुपाठाची, म्हणजे वस्तू पाहून सांगायची, परीक्षा कशी देता येईल, असा प्रश्न होता. मास्तर दर वर्षी त्याचं नाव घालत, दर वर्षी ते खोडून येई, आणि दर वर्षी मास्तर पुन्हा घालत. एकोणीसशे चाळीस साल उलटल्यावर त्यांची बदली झाली, तेव्हा धाकट्या वर्गांना उन्हात उभं करून गिरक्या घ्यायला लावायचं काम हैबतीच करत होता, बिनपगारी. पुढच्या मास्तरांनी त्याला हाकललं नाही, कारण त्याच्याइतकं त्यांना येत असेलही, पण पोरांना उन्हात फिरवायचा त्याच्याइतका दम नव्हता.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरली, आणि दारात हैबतीबरोबर ठकुबाई उभी. ती आत आली, पहिल्या रांगेतल्या पोरांना पायाने बाजूला सारून ऐसपैस बसली आणि म्हणाली, "हं, सांगा."

मास्तरांनी हैबतीकरवी तिला समजावलं, की ही पोरांची शाळा आहे. म्हातारीने हैबतीचा हात झटकला. मास्तरांनी दाराकडे बोट केलं. म्हातारीने तोंड फिरवलं. मास्तरांनी हात जोडले. म्हातारीनेही जोडले, आणि बसूनच राहिली. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याहून हट्टी कुणी भेटलं होतं.

शेवटी त्यांनी पाठ सुरू केला. जरा वेळाने म्हातारी उठली, सरळ मास्तरांपुढे गेली आणि त्यांच्या गळ्यावर आपला पंजा ठेवला. थरथर हाताला लागते, हे तिला काल कळलं होतं. आज तिला मास्तरांचं बोलणं हवं होतं. मास्तर अडखळले, लाल झाले, खोकले. म्हातारीने गळा सोडला नाही. मग त्यांनीही आवाज वाढवला, आणि उरलेला सगळा पाठ एका म्हाताऱ्या धनगरणीचा हात गळ्यावर घेऊन पुरा केला. तिला त्यातलं काय समजलं, देव जाणे. पण ती उद्याही येणार होती, हे मास्तरांना समजलं.

दुपारपर्यंत ही बातमी नदीवर पोचली होती. चंद्राबाई धुणं टाकून धोंडाबाईंच्या दारात हजर. "आवं मास्तरीणबाई, ठकुबाई तुमच्या मालकांचा गळा धरून उभी हाय म्हनं, भर शाळंत!"

धोंडाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"धरू दे," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून माज्या मनात हुतं, माजी छाती झाली न्हाई."